विश्लेषण : घरभर ओलावा पसरवून हवा शुद्ध होते का?

उत्तर अमेरिकेत ऑक्टोबर सरत आला की घराघरांतले फर्नेस सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग ‘होल होम ह्युमिडिफायर’च्या जाहिराती येतात. संपूर्ण घराला ओलावा पुरवणारे हे यंत्र बसवा आणि ‘घरातील हवेची गुणवत्ता सुधारा’, असे त्यांत सांगितलेले असते. मिनीॲपोलिस, शिकागो, टोरांटो या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे यंत्र परिचयाचे आहे. अनेकांना ते घरासोबतच, बेसमेंटमध्ये फर्नेसला जोडलेले असे मिळते. इकडे मुंबई-पुण्यात त्याची धाकटी भावंडे, म्हणजे टेबलावर ठेवायची, रंगीत दिव्याची, धुके सोडणारी यंत्रे, ‘सध्या हवा फार खराब आहे’ म्हणून मागवली जातात. दोन्हीकडे गैरसमज एकच आहे. हवेत ओलावा किती आणि हवा स्वच्छ किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ह्युमिडिफायर त्यांतल्या फक्त पहिल्याचे उत्तर देतो. ते उत्तर कधी गरजेचे असते, कधी निरुपयोगी आणि कधी थेट घातक.

थंडीत घर इतके कोरडे का पडते?

थंड हवेत पाण्याची वाफ फारच कमी मावते. उणे १० अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत जेमतेम दोन ग्रॅमच्या वर थोडी वाफ राहू शकते. २१ अंशांना हाच आकडा १८ ग्रॅमच्या आसपास जातो. हवामान खाते सांगते ती ‘सापेक्ष आर्द्रता’ म्हणजे हवेत जितकी वाफ मावू शकते त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, ते प्रमाण. आता बाहेर उणे १० अंश आणि आर्द्रता ८० टक्के आहे, असे समजू. ती हवा फटीफटींतून घरात आली, फर्नेसने तिला २१ अंशांपर्यंत तापवले. पाणी तेवढेच राहिले, पण हवेची पाणी धरण्याची क्षमता कितीतरी वाढली. आर्द्रता उतरते ती थेट १० टक्क्यांवर. वाळवंटातही बहुतेक वेळा हवा याहून ओलसर असते.

‘फर्नेस हवा सुकवतो’ हे म्हणणे म्हणूनच अर्धवट आहे. कोरडेपणा बाहेरून येतो. फर्नेस फक्त तापवतो. घरात बाहेरची हवा जितकी जास्त घुसते, तितके घर अधिक कोरडे. हा मुद्दा पुढे खर्चाच्या हिशेबात महत्त्वाचा ठरणार आहे.

या कोरडेपणाचा त्रास खरा असतो. ओठ फुटतात, त्वचेला खाज सुटते, दाराच्या मुठीला हात लावताच चटका बसतो. कोल्हापूर किंवा दादरहून नातवंडांसाठी ऐन जानेवारीत गेलेल्या आजी-आजोबांचा पहिल्याच आठवड्यात घोळणा फुटतो आणि घरात धावपळ उडते. लाकडी फरशीच्या पट्ट्यांमध्ये भेगा दिसू लागतात. भारतातून हौसेने नेलेल्या तानपुऱ्याचा भोपळा तडकतो, सतारीची पट्टी वाकते, तबल्याची पुडी ताणली जाऊन स्वर चढतो. गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या घरांत वाद्यांच्या खोलीत आर्द्रतेचा काटा लावलेला असतो, तो उगाच नाही.

यंत्र नेमके काय करते?

नागपूर-अकोल्याच्या वाचकाला हे यंत्र समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. उन्हाळ्यात तिथे जो कूलर लागतो, त्याचेच हे थंड देशातले रूप. कूलरमध्ये वाळ्याच्या ताटीवर पाणी सोडतात आणि पंखा तिच्यातून हवा ओढतो. फर्नेसच्या नळकांड्यात बसवलेल्या ह्युमिडिफायरमध्येही एका जाळीदार पॅडवरून पाणी ओघळत असते आणि तापलेली हवा तिच्यातून जाते. फरक हेतूत आहे. कूलरला गारवा हवा असतो, ओलावा नाइलाजाने येतो. इथे ओलावा हवा असतो आणि गारवा नाइलाजाने येतो, ज्याची भरपाई फर्नेसला करावी लागते. तिसरा, महागडा प्रकार विजेवर पाणी उकळून थेट वाफ नळकांड्यात सोडणारा. बसवणीसह खर्च काही शे डॉलरपासून सुरू होतो आणि वाफेच्या यंत्रासाठी हजार डॉलरच्या पुढे जातो.

टेबलावरच्या यंत्रापेक्षा ही पद्धत एका बाबतीत निश्चित चांगली आहे. पाणी नळातून येते, पॅडवरून वाहते आणि उरलेले गटारात जाते. टाकीत साचून राहत नाही. पाण्यातले क्षार पॅडवर बसतात, हवेत उडत नाहीत. मात्र ते पॅड दर हंगामात बदलावे लागते आणि घर घेताना आयते मिळालेले यंत्र अनेक वर्षे कोणी उघडूनही पाहिलेले नसते. पांढऱ्या क्षारांनी दगड झालेले पॅड आणि तुंबलेली निचरा-नळी घेऊन ते मुकाट बसलेले असते. असे यंत्र नसलेलेच बरे.

सर्दी-खोकला कमी होतो का?

ह्युमिडिफायरच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत वजनदार पुरावा २०१३चा आहे. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी एका बंद खोलीत यांत्रिक पुतळ्याच्या ‘खोकल्या’तून फ्लूचे विषाणू सोडले आणि तासाभरात गोळा केलेल्या हवेतले किती विषाणू संसर्ग करण्याजोगे राहिले, ते मोजले. आर्द्रता २३ टक्के किंवा कमी असताना ७० ते ७७ टक्के विषाणू टिकले; ४३ टक्के किंवा जास्त असताना फक्त १४ ते २२ टक्के. फरक मोठा आहे. शिवाय नाकातील आणि श्वासनळीतील ओलसर अस्तर कोरडे पडले की जंतू बाहेर ढकलण्याचे त्याचे काम मंदावते, हेही ज्ञात आहे.

पण पुतळ्यांची खोली म्हणजे चार माणसांचे घर नव्हे. साध्या सर्दीवर गरम दमट हवेचा उपयोग तपासणाऱ्या रुग्णचाचण्यांमधून ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. आणि ओलावा हेच फ्लूविरुद्धचे कवच असते, तर आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू यायलाच नको होता. प्रत्यक्षात पश्चिम भारतात फ्लूची मोठी लाट येते ती नेमकी जुलै ते सप्टेंबरमध्ये, हवा सर्वांत दमट असताना. त्यामुळे थंड देशात अतिकोरडे घर मध्यम ओलसर करणे शहाणपणाचे आहे, एवढेच म्हणता येते. ‘ह्युमिडिफायर बसवा, आजारपण टाळा’ ही उडी त्या पुराव्याला झेपत नाही.

मग हवेच्या ‘गुणवत्ते’चे काय?

घरातल्या हवेत त्रासदायक काय असते? बाहेरून आलेले आणि फोडणी, उदबत्ती, मेणबत्ती यांतून निघालेले सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५. गॅसच्या शेगडीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड. बंद खोलीत साचणारा कार्बन डायऑक्साइड. नव्या फर्निचरच्या प्लायवूडमधून झिरपणारे फॉर्मल्डिहाइड. बुरशीचे बीजकण, धूलिकीटकांची विष्ठा. यांपैकी एकही गोष्ट ह्युमिडिफायर काढून टाकत नाही. काहींमध्ये तो भर घालतो. ओलावा वाढला की प्लायवूडमधून फॉर्मल्डिहाइड अधिक सुटते. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली की गादी-उशांतले धूलिकीटक फोफावतात. दम्याच्या मुलासाठी घेतलेले यंत्र त्याच मुलाचा दमा वाढवू शकते, ते याच मार्गाने.

हवा स्वच्छ करण्याचे मार्ग निराळे आहेत आणि त्यांत चमकदार काही नसल्याने त्यांच्या जाहिराती कमी दिसतात. धूर जिथे होतो तिथूनच तो बाहेर काढणारा पंखा, तोही धूर बाहेर सोडणारा. गाळून परत स्वयंपाकघरातच सोडणारा नव्हे. फर्नेसला पेलत असेल तर त्यात ‘मर्व्ह १३’ दर्जाचा फिल्टर. आणि ठरवून, मोजून आत घेतलेली ताजी हवा. ज्या घराकडे यांतले काहीच नाही, त्याने ‘गुणवत्ते’साठी आधी ह्युमिडिफायर घेणे म्हणजे गळक्या छताखाली नवा गालिचा अंथरणे.

किती ओलावा पुरे?

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्के ठेवायला सांगते. या दोन आकड्यांतला वरचा आकडा थंडीत गाठायचा नसतो, हे मात्र अनेकांना उशिरा कळते. कारण खिडकीची काच. बाहेर कडाका असताना काचेची आतली बाजू इतकी थंड असते की खोलीतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. बाहेर उणे १० अंशांच्या आसपास असताना साधारण ३५ टक्के, उणे १५ ला ३० टक्के आणि उणे २५ ला २० टक्के, ही सर्वसाधारण मर्यादा. म्हणजे बाहेर जितकी थंडी जास्त, तितका घरातला ओलावा कमी ठेवायचा. जेव्हा सर्वांत कोरडे वाटते तेव्हाच यंत्राचा आकडा खाली आणायचा, हे मनाला पटत नाही. म्हणूनच लोक नोव्हेंबरात ४५ वर लावलेला काटा फेब्रुवारीपर्यंत तसाच ठेवतात.

काचेवरचे पाणी दिसते, पुसता येते. भिंतीच्या आत, माळ्यावरच्या लाकडावर साठलेले पाणी दिसत नाही. वसंतात बर्फ वितळल्यावर छतावर डाग उमटतात आणि घरमालक पत्र्याची गळती शोधत बसतो. प्रत्यक्षात ते पाणी घरातूनच वर गेलेले असते. बाहेरचे तापमान पाहून स्वतःच आकडा कमी-जास्त करणारे नियंत्रक मिळतात. यंत्र घ्यायचेच असेल, तर पैसे या एका गोष्टीवर जरूर खर्च करावेत.

हिशेब कसा बसतो?

‘ओलसर हवा उबदार वाटते, म्हणून तापमान कमी ठेवता येते आणि इंधन वाचते’, हा विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद. तो तपासून पाहू. २,००० चौरस फुटांचे घर, आठ फूट उंच छत. हवा सुमारे ४५० घनमीटर. घर जुने आहे आणि फटींतून दर दोन तासांनी सगळी हवा बदलते, असे धरू. आर्द्रता १० वरून ३५ टक्क्यांवर न्यायची तर प्रत्येक घनमीटरला साडेचार ग्रॅम पाणी हवे. ताशी २२५ घनमीटर नवी हवा येत असेल, तर ताशी एक लिटर. दिवसाला २४ लिटर. चार जणांचे कुटुंब श्वास, अंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे यांतून रोज साधारण दहा लिटर पाणी हवेत सोडते. उरलेले १४ लिटर यंत्राने द्यायचे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास ०.७ युनिट उष्णता लागते. म्हणजे रोजची सुमारे दहा युनिट उष्णता नुसत्या पाण्यात जाते. ती फर्नेसमधूनच येते. तापमान एखादा अंश खाली ठेवून झालेली बचत यात सहज बुडते.

आता त्याच घराच्या फटी बुजवल्या आणि गळती निम्म्यावर आली असे समजा. लागणारे पाणी २४ वरून १२ लिटरवर येते. दहा लिटर घरची माणसेच देतात. यंत्राचे काम जवळजवळ संपले. शिवाय गरम हवा बाहेर जायची थांबली, ती बचत वेगळी. दारे-खिडक्यांच्या कडांना लावायच्या पट्ट्या आणि माळ्याच्या दाराला भरलेले फोम यांचा खर्च यंत्राच्या तुलनेत किरकोळ असतो. घर फार घट्ट झाले तर ताज्या हवेची वेगळी सोय लागते, हे खरे. त्यासाठी कॅनडा आणि अमेरिकेच्या थंड राज्यांत ‘ईआरव्ही’ नावाचे वायुवीजन यंत्र मिळते. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आणि बराचसा ओलावा ते आत येणाऱ्या हवेला परत देते. ‘गुणवत्ता’ हा शब्द कोणा यंत्राला शोभत असेल, तर तो याला.

म्हणून क्रम असा हवा : आधी मोजणे, मग फटी बुजवणे, आणि तरीही काटा २५ टक्क्यांच्या खाली राहत असेल, घोळणा फुटत असेल, तर मग ह्युमिडिफायर. मिनेसोटातल्या शंभर वर्षे जुन्या लाकडी घरात तो तरीही लागेल. दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या घट्ट टाऊनहाऊसमध्ये बहुधा नाही.

पाण्याबरोबर आणखी काय उडते?

टेबलावरची बहुतेक यंत्रे अल्ट्रासोनिक असतात. ती पाण्याची वाफ करत नाहीत. कंपनाने पाण्याचे बारीक थेंब करून उडवतात. थेंबात जे असेल ते हवेत जाते. बोअरवेल किंवा टँकरचे जड पाणी भरले, तर थेंब सुकून क्षारांची पांढरी भुकटी उरते. फर्निचरवर ती दिसतेच, पण तिचा सूक्ष्म भाग श्वासातही जातो. शेजारी एअर प्युरिफायर चालू असेल तर त्यावरचा पीएम २.५चा आकडा ह्युमिडिफायर लावताच चढताना दिसतो. हवा शुद्ध करायला आणलेल्या दोन यंत्रांपैकी एक दुसऱ्याला काम पुरवत असते. टाकीत साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढले असतील, तर तेही याच वाटेने जातात. अशा पाण्यामुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराला वैद्यकात ‘ह्युमिडिफायर फीव्हर’ असे नावच आहे.

जिवाणू नकोत म्हणून पाण्यात औषध घालावे, हा विचार साहजिक वाटतो. दक्षिण कोरियात तो देशभर पसरला होता. १९९४पासून तिथे ह्युमिडिफायरच्या टाकीत घालायची जंतुनाशके दुकानांत मिळत होती. २०११च्या वसंतात सोलमधल्या रुग्णालयात एकामागोमाग एक गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया फुप्फुसे निकामी होऊन दाखल झाल्या. साथीचा रोग समजून तपास सुरू झाला आणि धागा घरच्या ह्युमिडिफायरपर्यंत पोहोचला. त्या जंतुनाशकांतले ‘पीएचएमजी’सारखे रसायन पुसण्या-धुण्यासाठी वापरले जात होते, धुक्यातून रोज रात्री श्वासात गेल्यावर काय होईल, हे पुरेसे तपासलेच गेले नव्हते. त्याच वर्षी उत्पादने बाजारातून काढून घेतली गेली. नंतर नुकसानभरपाईसाठी पुढे आलेल्या पीडितांमध्ये हजाराहून अधिक मृतांची नोंद झाली आणि त्यांत लहान मुले बरीच होती. बाळाला कोरडी हवा बाधू नये म्हणून ज्या घरांनी सर्वाधिक काळजी घेतली, रोज टाकी भरली, रोज औषध घातले, त्यांनाच सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली. आज आपल्याकडे टाकीत सुगंधी तेल, निलगिरी किंवा ‘अँटिबॅक्टेरियल’ थेंब घालायचे सल्ले सर्रास दिले जातात. त्यांचा परिणाम कोरियातल्या रसायनासारखाच होईल असे नव्हे. पण श्वासात जाण्यासाठी तपासलेला नसलेला कोणताही पदार्थ त्या पाण्यात घालू नये, इतका धडा त्या प्रकरणातून निःसंशय मिळतो.

मुंबई-पुण्यात याची गरज आहे का?

मुंबईत, जवळजवळ नाही. जुलैत इथल्या एका घनमीटर हवेत वीस ग्रॅमच्या वर वाफ असते, उणे १० अंशांतल्या हवेच्या दहापट. भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांवर बुरशी, मिठाला सुटलेले पाणी, हे ज्या शहराचे नेहमीचे दुखणे आहे, तिथे खोलीत आणखी ओलावा सोडण्याचे कारण नाही. ‘एसीमुळे हवा कोरडी होते’ ही तक्रारही तपासून पाहावी. एसीच्या नळीतून बादलीत ठिबकते ते खोलीतल्याच हवेतले पाणी, हे बरोबर. पण दमट शहरात एसी आर्द्रता ८० वरून ५० टक्क्यांच्या आसपास आणतो, म्हणजे जिथे ती असायला हवी तिथेच. त्यात ह्युमिडिफायर लावला की एक यंत्र विजेवर पाणी हवेत सोडते आणि दुसरे त्याहून जास्त वीज खाऊन ते काढते. घसा कोरडा पडत असेल तर बहुधा हवेचा झोत थेट अंगावर येत असतो.

मुंबईची खरी तक्रार हिवाळ्यातल्या धुलिकणांची आहे. बांधकामांची धूळ, वाहने, कचरा जाळणे आणि मंदावलेला वारा यांतून ती येते. यावर घरात फिल्टर असलेले प्युरिफायर काही अंशी मदत करते. धुके सोडणारे यंत्र अजिबात नाही. ऑनलाइन बाजारात ही दोन्ही एकाच विभागात, एकाच फुलाच्या आणि हिरव्या पानाच्या चित्रासह विकली जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा चांगलीच कोरडी असते, विदर्भात मे महिन्यात तर असतेच. पण विदर्भाने त्याचे उत्तर शोधून ठेवले आहे आणि त्यात खिडकी उघडी ठेवण्याचा नियमही आहे, म्हणजे ताजी हवा आपोआप आली. फक्त कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करावी लागते. डेंग्यूचा डास त्याच पाण्यात अंडी घालतो.

ज्यांच्या घरी टेबलावरचे यंत्र आधीच आले आहे, त्यांनी ते फेकायचे कारण नाही. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतेचा काटा खोलीत ठेवावा. काटा ३० टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच यंत्र लावावे, ५०ला बंद करावे. पाणी आरओचे भरावे, रोज सकाळी टाकी ओतून कोरडी करावी, दर तिसऱ्या दिवशी घासावी आणि बाळाच्या पाळण्यापासून ते दूर ठेवावे. मुंबईत असा काटा ठेवलेल्या घरात ३० टक्क्यांच्या खालचा आकडा वर्षभरात क्वचितच दिसेल.